किल्ली खिळ्यावर आहे

आमच्या घरमालकांना कुलपांचं वेड होतं. फाटकाला कुलूप, पंपाच्या पेटीला कुलूप, अंगणातल्या नळाला कुलूप. गच्चीवर दोन मोडक्या खुर्च्या आणि एक फुटकी कुंडी यांच्याखेरीज काही नव्हतं, तर तिथल्या दारालाही कुलूप. आणि प्रत्येक कुलपाच्या बाजूला, सहज हाताला लागेल असा एक खिळा, आणि त्या खिळ्यावर त्याच कुलपाची किल्ली.

बदली होऊन मी वर्ध्याकडून गोंदियाला आलो आणि कुडव्यात हे घर पाहायला गेलो, तेव्हा मला वाटलं, किल्ल्या चुकून बाहेर राहिल्या असतील. मी शहाणपणानं दोन-तीन काढल्या आणि त्यांच्या हातात दिल्या. मी त्यांच्या दाराच्या बिजागऱ्याच उखडून आणल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"लावा बाप्पा तिथंच. कोनी आलं त बाहेर उभं राहन का?"

"मग कुलूप कशाला?"

"कुलूप वाऱ्यासाठी, साहेब. किल्ली मानसासाठी."

या वाक्यावर मी खरं तर तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण घर हवेशीर होतं, बायकोला स्वयंपाकघर आवडलं होतं, आणि मला वाक्यं आवडतात. अशा रीतीनं आम्ही काकाजींचे भाडेकरू झालो. त्यांना सारा कुडवा काकाजीच म्हणायचा. रेल्वेत पार्सलच्या कामावर त्यांची हयात गेली होती, म्हणजे दुसऱ्यांच्या पेट्यांना सील ठोकण्यात. काकीजी आमच्या येण्याआधीच गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. खांद्यावर बाराही महिने लाल चौकड्यांचा दुपट्टा, आणि भेटेल त्याला एकच प्रश्न: "जेवले का?" सकाळी सातला विचारत, दुपारी चारला विचारत. एकदा माझे दाढदुखीनं हाल चालले होते, गाल फुगून टरबूज झाला होता, तेव्हाही त्यांनी विचारलं, "जेवले का?" मी मान हलवून नाही म्हटलं तर म्हणाले, "मंग तोंड एवढं भरलं कायनं?"

एकदा त्यांच्याकडे चोर आला. खिळ्यावरची किल्ली काढली, दार उघडलं, पाण्याचा पितळी गुंड उचलला, दार लावलं, कुलूप घातलं आणि किल्ली होती तिथं टांगून गेला. मी पोलिसांत चला म्हणून मागे लागलो. काकाजी खिळ्याकडे बघत म्हणाले, "राहू द्या. मानूस चांगला होता. किल्ली परत लावून गेला."

आता एवढं कळल्यावर कोणता शहाणा माणूस त्यांना पासवर्ड नावाची वस्तू हातात देईल? मी दिली.

झालं असं की मुलांच्या अभ्यासासाठी म्हणून आम्ही कंप्युटर घेतला होता. मुलं त्यावर गाणी ऐकत आणि मी पत्ते खेळे. त्या सुमारास सगळं गाव त्या निळ्या पट्टीच्या वेबसाइटवर आपापले फोटो टाकायला लागलं होतं. काकाजी एका सकाळी चहाच्या वेळेला येऊन माझ्यामागे उभे राहिले, मी डाव हरेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "साहेब, मलेही त्या चावडीवर बसवून द्या ना."

चावडी हे नाव त्यांचंच. मी खातं काढून दिलं. दुपट्टेवाला फोटो लावला. पासवर्ड काय ठेवायचा विचारलं, तर म्हणाले, "जेवलेका." त्याच्यापुढे आकडे लागतात म्हटलं तर म्हणाले, "मंग एक, दोन, तीन. सगळ्याईच्या ध्यानात राहन."

'सगळ्याईच्या' या शब्दाशी मी तिथंच थांबायला हवं होतं. पण मला नवीन डाव मांडायची घाई होती.

त्या दिवसापासून काकाजी रोज सकाळी आमच्या हॉलमध्ये कंप्युटरपुढे. बायको म्हणायची, "अहो, भाडं आपण देतो की ते देतात?" मैत्रीची विनंती पाठवणाऱ्या कुणालाही त्यांनी कधी परत पाठवलं नाही. ओळखीचा नसला तरी? "दारी आला ना तो? मंग?" असा हां हां म्हणता गोतावळा जमला. आमगावचे, सालेकशाचे, देवरीचे, काही थेट परदेशातले, ज्यांच्या फोटोत फक्त मोटरसायकल होती. कुणी लग्नाचा फोटो टाको, कुणी घाटातली गाडी, कुणी आजोबांच्या तेरवीची पत्रिका, काकाजी एका बोटानं टाइप करून खाली लिहीत: "जेवले का?"

पण हे सगळं झाल्यावर, उठायच्या आधी, ते एक पान रोज उघडत. त्यांच्या पुतणीचं. पोरगी नागपूरला नर्सिंगला होती. काकाजींचा आणि त्यांच्या लहान भावाचा अबोला होता. गाव चोरखमाऱ्याच्या तलावाखालचं. एका उन्हाळी धानाला पाटाचं पाणी आधी कुणाच्या बांधीत घ्यायचं यावरून दोघे भाऊ तोंडाला तोंड देऊन बोलले, आणि मग बोललेच नाहीत. काकाजींनी गावी जाणं सोडलं. भावानं कुडव्याला येणं सोडलं. मधल्या मधे ही पोरगी राहिली, तिनं काकांची विनंती मंजूर केली. तिच्या कुठल्याही फोटोखाली काकाजी लिहीत, "जेवली का?" आणि ती लिही, "हो मोठे बाबा. तुमी?" एवढंच. रोज. दोन घरांच्या मधे तेवढी एक दोरी होती आणि ती आमच्या हॉलमधून जात होती.

मग एका सकाळी पासवर्ड चालेना.

मी माझ्या खात्यातून पाहिलं. दुपट्टेवाले काकाजी फोटोत होते तसेच हसत होते, पण ते आता काळे चष्मे विकत होते. सवलतीत. शिवाय वजन घटवायची एक पावडर, आणि त्या पावडरीच्या जाहिरातीत एक बाई होती, जिनं वजनाबरोबर कपडेही बरेच घटवले होते. ही जाहिरात काकाजींच्या नावानं सगळ्या सोयऱ्यांना चिकटवली होती. पुतणीलाही. तिनं खाली विचारलं होतं, "मोठे बाबा, हे का होय?" आणि त्याखाली काकाजींच्याच नावानं उत्तर होतं: "तुम्हीही वजन घटवा. इथे क्लिक करा."

काकाजींनी ते दोनदा वाचलं. दुपट्टा खांद्यावरून काढून मांडीवर ठेवला.

"पोरगी का म्हनन, साहेब?"

"काही म्हणणार नाही. हॅक झालं हे कुणालाही कळतं."

"तुमाले समजते. गावात तिचा बाप आहे. तो म्हनन, पाह्य तुझा मोठा बाबा, बुढा होऊन असे फोटो धाडून राहिला." मग म्हणाले, "पोरीनं इचारलं आहे. मले जवाब त देऊ द्या."

आता हे सोपं होतं. मी म्हटलं, मी माझ्या खात्यावरून लिहितो. ते म्हणाले, "घरच्या गोठीत भाडेकरूनं काऊन लिवावं?" मी म्हटलं, नवीन खातं काढू. तर म्हणाले, "घरात चोर शिरला म्हनून कोनी दुसरं घर बांधते का? त्याले काढा." मी म्हटलं, फोन करा मग. पोरीचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. भावाचा होता, पण तो लावणं म्हणजे आधी पाटाच्या पाण्यापासून सुरुवात.

"पण पासवर्ड त्याला मिळाला कसा?" मी विचारलं. मी त्यांच्या भिंतीवर जरा खाली सरकलो तर मागच्या आठवड्यातली त्यांचीच एक ओळ दिसली. पत्रासारखी सुबक. सगळ्या सोयऱ्यांना नमस्कार. पुष्कळ जण म्हणतात आमचे फोटो दिसत नाहीत. तरी ज्यांना दिसत नसतील त्यांनी आमच्याच खात्यात येऊन पाहावे. आणि पुढे पासवर्ड. आकड्यांसकट.

"काकाजी!"

"का झालं? किल्ली बाहेर ठेवली. पन हा चोर बेकार निंगाला. किल्लीच बदलवून बसला."

वेबसाइटची खातं परत मिळवायची एक रीत होती. ती तुम्हाला तुमच्याच मित्रांचे फोटो दाखवे आणि खाली नावं देई. हा कोण, ते ओळखा. ओळखलंत तर तुम्ही तुम्हीच. मला वाटलं, चला, सुटलो. उभ्या जिल्ह्याला ओळखणारा माणूस माझ्या शेजारी बसला आहे.

पहिला फोटो आला. मिशीवाला एक इसम, बैलाशेजारी.

"हा? हा त आमगाववाला," काकाजी खुशीत म्हणाले. "याची मोठी बहीन तिरोड्याले देली. तिच्या दिराच्या लग्नात यानं पंगतीत भांडन केलं होतं, वरन थंडं आहे म्हनून."

"नाव काय?"

"आमगाववाला."

"काकाजी, इथं सहा नावं आहेत. यातलं कोणतं?"

"नाव कायले लागते? मी त्याले आमगाववालाच म्हनतो. तोही मले कुडवावालेच म्हनते."

दुसरा फोटो. "हा सालेकशाचा जावई." तिसरा. "हे गोरेगाववालीचे भासरे, तिच्या मालकाचे मोठे भाऊ. लय सज्जन." प्रत्येकाचं गाव ठाऊक, सोयरीक ठाऊक, कुणाच्या लग्नात कोण रुसलं ते ठाऊक. नाव एकाचंही नाही. आयुष्यभर त्यांनी माणसांना पार्सलासारखं, कुठून आलं आणि कुठं दिलं एवढ्यावरच ओळखलं होतं. चौथ्या फोटोत नुसता ट्रॅक्टर होता. काकाजी म्हणाले, "हे मी ओळखतो. पन हे त्याईनं इकलं." वेबसाइटनं दार लावलं आणि उद्या या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना नावांचा अभ्यास करायला बसवलं. मी नाव सांगायचं, त्यांनी गाव सांगायचं. बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "पोरांच्या परीक्षेला कधी एवढे बसला नाहीत." पहिले दोन फोटो बरोबर आले. तिसरा फोटो पुतणीचा आला. पांढऱ्या कपड्यांत, मैत्रिणींबरोबर, हसताना. मी तिच्या नावाकडे बाण नेला आणि काकाजींनी माझं मनगट धरलं.

"थांबा ना. पाहू द्या."

"काकाजी, वेळ संपेल."

"बारीक झाली पोरगी. मेसचं खाते ना." मग परत, "आनि तो चोर तिलेच म्हनते, वजन घटवा."

वेळ संपली. वेबसाइट पुन्हा उद्या या म्हणाली. मी उठून अंगणात गेलो आणि कुलूप लावलेल्या नळापुढे नुसता उभा राहिलो.

शेवटचा एक मार्ग उरला होता. खातं काढल्यावर पहिल्या काही दिवसांतच मी तीन भरवशाची माणसं नेमून ठेवली होती. त्या तिघांना वेबसाइट एकेक कोड देई. तिन्ही कोड जमले की दार उघडणार. पहिला भरवशाचा माणूस मी. माझा कोड मला मिळाला. मला पहिल्यांदाच कशात तरी यश आलं होतं, म्हणून मी तो दोनदा मोठ्यानं वाचला.

दुसरे होते फुलचूरचे सायकल दुकानवाले, काकाजींचे जुने दोस्त. त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "हां, आया है कोड. लेकिन इसमें लिखा है किसी को बताना मत."

"अहो, काकाजींनाच सांगायचा आहे."

"आप काकाजी हो?"

मी फोन काकाजींना दिला. दोस्त म्हणाले, "आवाज तो वही है. पर आजकल चोर आवाज भी निकालते हैं. बताओ, मेरी बारात में नहर में कौन गिरा था?"

काकाजी माझ्याकडे पाठ करून हळूच म्हणाले, "मी." पलीकडून एवढा मोठा हशा आला की फोन कानापासून लांब धरावा लागला. कोड मिळाला. नहरात कोण पडलं हे दोस्तांना पक्कं ठाऊक होतं, त्यांना फक्त ते काकाजींच्या तोंडून इतक्या वर्षांनी ऐकायचं होतं.

तिसरी भरवशाची व्यक्ती पुतणी होती. माणसं नेमताना काकाजींनीच हट्ट धरला होता, "घरचं एक पायजे." आता तिचा कोड तिच्या फोनमध्ये, आणि ती दिवाळीच्या सुट्टीत गावी, बापाच्या घरी.

"चला मग," मी म्हटलं.

"कसं जाऊ? काऊन आले म्हनन त का सांगू?"

त्यावर माझ्या बायकोनं विळीवरून मान न उचलता तोडगा काढला. "त्यांच्या गावची मंडई कधी असते?"

हे मलाही इतक्या वर्षांत कळलं होतं. दिवाळी झाली की इकडे गावोगावच्या मंडया सुरू होतात. बाजार भरतो, दंडार म्हणजे सोंगांचा नाच-गाण्याचा खेळ होतो, नाटक होतं, आणि गावातल्या प्रत्येक घरी सोयरे येतात. त्या दिवशी दारात आलेल्याला "काऊन आले" असं कुणी विचारत नाही. विचारलं तर घराची अब्रू जाते. कोडांची मुदत संपायच्या आत ती मंडई येत होती. पुन्हा सांगतो, हा तोडगा बायकोचा. माझ्या डोक्यात तोवर फक्त हेल्पलाइन शोधणं होतं.

मंडईच्या दिवशी मी काकाजींना स्कूटरवर मागे बसवून निघालो. तिरोड्याकडच्या रस्त्यानं धान कापून पडलं होतं. ते वाटेभर मागून मला पढवत होते. "मी बसतो. तुमी पोरीजवर जाऊन कोड घेजा. नाई, मीच इचारतो. नाई, तुमीच इचारा. मी इचारलं त तो म्हनन..." खड्ड्यागणिक बेत बदलत होता. मला एवढंच कळत होतं की कोड घेतल्याशिवाय मी परत फिरणार नाही. मी ऑफिसातून सुट्टी काढून आलो होतो.

भावाच्या अंगणात पंगत बसायच्या बेतात होती. फाटकाला कुलूप नव्हतं, फाटकच नव्हतं. भाऊ पाहुण्यांना पाट मांडत होता. त्यानं मोठ्या भावाला पाहिलं. पाट हातात तसाच राहिला. मग तो पाट त्यानं रांगेत सगळ्यांच्या आधी मांडला आणि आत वळून एवढंच म्हणाला, "पानी आन वो."

पोरगी तांब्या घेऊन आली. वाकून पाया पडली. काकाजी जमिनीकडे बघत होते. आणि ती पोरगी सगळ्या पंगतीसमोर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "का हो मोठे बाबा, मी का एवढी जाडी दिसतो का तुमाले? वजन घटवा म्हनून राहिले मले!"

पंगत फुटली. कुणीतरी ओरडलं, "मले चष्मा धाडला!" दुसरा म्हणाला, "बुढ्यानं दुकान कधी टाकलं गा?" सगळ्या सोयऱ्यांना सगळं ठाऊक होतं. आणि मी पाहिलं, तोंड दुसरीकडे करून भाऊही हसत होता. काकाजी आधी घाबरले, मग त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं, आणि मग तेही हसले. पोरीला त्यांनी जवाब दिला नाही. द्यायची गरजच उरली नव्हती.

"हॅक झालं ना तुमचं?" पोरगी म्हणाली. "मले मेसेज आला आहे, मोठ्या बाबाले मदत करा म्हनून. कोड देऊ का?"

माझा हात खिशातल्या पेनकडे गेला. भावाच्या हातातलं वरणाचं पातेलं थांबलं. त्यानं पहिल्यांदा सरळ काकाजींकडे पाहिलं.

"कोडासाठी आले का दादा?"

मी तोंड उघडलं. शेजारच्या पाटावरून काकाजींनी माझा पाय असा दाबला की तोंड मिटलं.

"कायचा कोड?" काकाजी म्हणाले. "आज मंडई आहे ना? मंडईले आलो."

भावानं वाकून काकाजींच्या भातावर वरण घातलं, जरा जास्तच घातलं, आणि विचारलं, "मंग, दंडार पाहून जासान का?"

आम्ही दंडार पाहिली. आम्ही पान खाल्लं. आम्ही नव्या गोठ्यातल्या म्हशी पाहिल्या. पोरगी दोनदा मोबाइल घेऊन माझ्याजवळ आली आणि काकाजींनी दोनदा तिला काहीतरी आणायला पाठवलं. कोड न घेता आम्ही परत निघालो. गाव सुटेपर्यंत मी दम धरला आणि मग स्कूटर बाजूला लावून भडकलोच.

"काकाजी, ती पोरगी कोड हातात घेऊन उभी होती! समोर! मागायचा नाही?"

"जेवता जेवता मांगला असता त तो समजला असता, भाऊ कोडासाठी आला."

"पण तुम्ही कोडासाठीच आला होतात!"

"ते तुमाले माहीत आहे," काकाजी मागून शांतपणे म्हणाले. "त्याले काऊन माहीत व्हावं? चला, गाडी काढा."

कोडांची मुदत संपली. खातं चोराकडेच राहिलं. काकाजींना त्याचं पुढे काही वाटलं नाही, कारण पोरगी आता रोज फोन करी आणि तेच आधी विचारी, "जेवले का?" भाऊ कुडव्याला येऊ लागला. पहिल्यांदा आला तेव्हा काकाजी बाजारात गेले होते. आमच्या वरच्या मजल्यावरून मी खाली उतरेपर्यंत तो खिळ्यावरची किल्ली काढून, दार उघडून, पंखा लावून आत बसला होता. पुढे काकाजी गेले तेव्हा उशाशी तोच होता.

आता आम्ही कुडवा सोडला. पण काकाजींनी मला सोडलेलं नाही. दर दिवाळीला, मंडयांच्या दिवसांत, दुपट्टेवाला तो हसरा फोटो माझ्या मोबाइलवर येतो आणि मला काळ्या चष्म्यावर सवलत देतो. मुलगा म्हणतो, बाबा, त्या खात्याची तक्रार करा, एका मिनिटाचं काम आहे. मला ठाऊक आहे एका मिनिटाचं काम काय असतं ते. मी एकदा केलं आहे.

यंदा बायको शेजारी बसली होती. फोटो पाहून ती म्हणाली, "अहो, निदान विचारा तरी." म्हणून मी खाली लिहिलं, "काकाजी, जेवले का?"

लगेच उत्तर आलं: "ऑफर आजच संपते. त्वरा करा."